रविवार सकाळचा बगळा

२ नोव्हेंबर, रविवार

दादाचं बोलणं गेलं म्हणून मी लिहायला बसलो आहे. मनालीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू आणि लिहिणार? तू तर सगळं बोलूनच संपवतोस." बायकोचं म्हणणं खोटं नाही. विमा कंपनीत नव्या एजंटांना शिकवतो मी, बोलण्यावरच आमचं नाशिकचं घर चालतं. पण इथं दुपारी सगळे आडवे झाले की ऐकायला कोणी उरत नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दादा कापसाच्या वावरात बांधावर बसला आणि त्याला उठताच येईना. वहिनीनं माणसं गोळा करून बुलढाण्याला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय आता सुधारतोय, धरलं तर अंगणापर्यंत जातो. समजतं सगळं. बोलायला गेला की घशातून नुसता घोगरा आवाज निघतो, मग स्वतःवरच चिडून तोंड मिटून घेतो. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. मी रजा टाकून आलो आहे.

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होतो. दादानं वावर सांभाळलं, मला आधी मलकापूरला, मग नाशिकला शिकवलं आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही. मुळातच मोजकं बोलणारा माणूस. ते मोजकंही आता ऐकू येत नाही, हे मला सहन होत नाही. रजा संपायच्या आत त्यानं एक शब्द बोलावा. कोणताही चालेल. एक आला की मागचे येतील.

आज सकाळी वहिनीनं भजनासाठी टीव्ही लावला आणि मला आमचे रविवार आठवले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बाबांनी काळा-पांढरा टीव्ही आणला होता, शटरच्या लाकडी पेटीतला. गल्लीत तो एकच. रविवारी सकाळी "बगळा लागला!" अशी आरोळी उठली की पोरं ओल्या डोक्यानं धावत येऊन बसायची. त्या कार्टूनमध्ये टोपी घातलेला एक बगळा होडीत बसून जग फिरायचा, सोबत एक रडकं कासव. आई शेंगा सोलत बसायची. बाबासुद्धा चहाचा कप घेऊन दाराला टेकायचे, एरवी ते घटकाभर कुठं टेकत नसत.

घर तेव्हा धाब्याचं होतं, मातीच्या सपाट छताचं. वर बांबूला ॲन्टेना बांधलेला. वारा आला की तो फिरायचा आणि बगळ्याच्या अंगावर मुंग्या धावायच्या. मग दादा वर. तो वरून ओरडायचा, "आलं का बे?" आम्ही खालून, "आलं! आलं! गेलं! थोडं डोंगराकडं!" बांबू हातात धरून ठेवला की चित्र थांबायचं. सगळं घर एका जागी बसून एकाच गोष्टीला हसायचं. आम्हा दोघा भावांच्या वाट्याला इतकं निखळ सुख पुन्हा आलं नाही.

तो बगळा शोधून काढायचा आणि दादाला दाखवायचा, असं ठरवलं आहे. औषधानं होत नाही ते कधी कधी आठवणीनं होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बुलढाण्याला स्पीच थेरपीच्या मॅडमकडे जाऊन आलो. तरुण आहेत, पण ठाम. दादाला चित्रं दाखवली, फुंकर मारायला लावली, तोंड उघडायला-मिटायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्रश्न विचारला की थांबा. त्यांना शब्द शोधायला वेळ लागतो. तुम्ही मध्ये बोललात की त्यांचा धागा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं."

मी म्हटलं, "मॅडम, मी वीस वर्षं लोकांना बोलायला शिकवतोय."

"हो ना," त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगतेय."

येताना गाडीतच सराव घेतला. "दादा, तुयं नाव काय?" मनात दहा मोजायचं ठरवलं होतं. चारपर्यंत गेलो. त्याच्या कपाळावर घाम आला, जबडा थरथरायला लागला, मला पाहवेना. मीच सांगून टाकलं, "पंजाबराव! पंजाबराव अर्जुनराव!" मागच्या सीटवरून वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्याईले मालूम हाये त्याईचं नाव."

वहिनी अलीकडे चिडचिडी झाली आहे. दमते बिचारी.

९ नोव्हेंबर, रविवार

सापडला! कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकलाय. चित्र फिकट आहे, आवाज भांड्यात बोलल्यासारखा येतो, पण बगळा तोच, टोपी तीच. सुरुवातीची धून वाजली आणि मी सेहेचाळीस वर्षांचा बाप्या ढसाढसा रडलो. अंगणात आईच्या हातच्या शेंगांचा वास आला, खोटं नाही लिहीत.

दादाला खुर्चीत बसवून मोबाईल मोठ्या टीव्हीला जोडला. मी शेजारी बसून सगळं सांगत होतो. "हे पाह्य, आता कासव पडन पाण्यात. आता बगळा टोपी टाकन. आठवते काय?" दादानं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. मग मान मागे टाकली आणि छताकडे पाहत राहिला. संपेपर्यंत छताकडेच. मान अवघडली असेल म्हणून मी उशी दिली, तरी तेच.

पण चेहरा शांत होता. आत काहीतरी हललं असणार. रोज दाखवायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी दादाला पेपर वाचून दाखवत होतो. कापसाचे भाव, मोताळ्याच्या बाजाराची बातमी, राशिभविष्य, सगळं. मागे टीव्हीवर बगळा चालू ठेवला होता, नुसता कानावर पडावा म्हणून. एकदम लाईट गेली. पंखा, टीव्ही, शेजारची मोटर, सगळं बंद. मी बाहेर जाऊन लाईनमनला फोन लावला, तो उचलेना, मग आणखी दोघांना लावला.

आत आलो तर वहिनी दादाजवळ बसलेली. म्हणाली, "याईचे ओठ हालले भाऊजी. कायतरी म्हणून राह्यले होते."

मी धावलो. "काय दादा? पाणी? लाईट? बगळा लावू?" त्यानं डोळे मिटून घेतले. वहिनी उठून गेली.

लाईट जायला नेमकी हीच वेळ मिळाली. चांगला रंगात आलेला सराव मोडला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

अश्वजितला बोलावलं होतं. दोन घरं सोडून राहतो, पिठाची गिरणी आहे त्याची. तेव्हा रविवारी सगळ्यांत पुढे बसायचा तो हाच. धून सुरू झाली तसा तो मांडी घालून जमिनीवरच बसला, पिठाच्या कपड्यांनी. आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. कासव पाण्यात पडायच्या आधीच तो ओरडला, "पडलं, पडलं!" मजा आली, खरंच. मग त्यानं दादाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "पण हे दादाले काऊन दाखवून राह्यला बे तू?"

"अरे, आठवावं म्हणून. त्यातून एखादा शब्द यावा."

"त्याईले काय आठवन? त्याईनं कुठं पाह्यला बगळा?" अश्वजित म्हणाला. "ते तं वरतं राहे. बांबू धरून."

मी आधी हसलो. मग आठवायला लागलो. पावसाळ्यात? पावसाळ्यात दादा पोतं पांघरून वर. थंडीत? कानाला मफलर बांधून वर. सणावाराला? तेव्हाही "आलं का बे?" वरूनच यायचं. एकही रविवार सापडेना, ज्यात दादा आमच्यात बसलेला आहे. माझ्या मनात मात्र तो असतो. माझ्या शेजारी, मांडीला मांडी लावून, हसत. तो दादा मी कुठून आणला?

बगळा चालूच होता. दादा आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होता. त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी होतं, हसू की आणखी काही, मला ठरवता आलं नाही. अश्वजित गिरणी उघडायची म्हणून गेला.

ज्या सुखाच्या गोष्टी मी मनालीला, पोरांना, अगदी ट्रेनिंगच्या वर्गातही सांगत आलो, त्या सुखात माझा भाऊ नव्हताच. तो आमच्या डोक्यावर उभा होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काही सुचत नाही. सकाळी दादाचा हात धरून खूप बोललो. तू आमच्यासाठी उन्हातान्हात उभा राहिलास, आम्हाला कळलं नाही, असं बरंच. रडलो. त्यानं डावा हात सोडवून घेतला आणि गुडघा खाजवला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी म्हटलं, पाहिला नाही ना, मग आता पाहू दे. पहिल्या भागापासून ओळीनं. त्याचा हक्क आहे तो. काल आणि आज मिळून जेवढे भाग इंटरनेटवर आहेत तेवढे लावले. आज दुपारी दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी खुर्ची फिरवली. त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. मी पुन्हा खुर्ची फिरवणार, तेवढ्यात वहिनीनं येऊन टीव्हीची पिनच काढली.

"बस झालं," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांत माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "त्याईले बगळा नाई पाह्यचा. कधीच नवता पाह्यचा."

"वहिनी, तुम्हाला माहीत नाही. आमच्यापायी तो..."

"मले मालूम हाये. तुमाले नाई." तिनं पिन ओट्यावर ठेवली आणि दादाच्या पायाशी बसली. "लग्न झालं तवा मी विचारलं होतं, तुमच्या घरी टीव्ही होता, मजा होये काय म्हणून. म्हणे, मी कुठं पाहो, मी तं वरतं राहो. मले वाईट वाटलं. तं म्हणे, वाईट काऊन? आठवडाभर मामंजी हाका मारत. पंजाब ढोरं सोड, पंजाब पाणी आण, पंजाब वावरात चाल. रविवारी तेवढा अर्धा घंटा मामंजी बी टीव्हीपुढं. कोणी हाक मारे नाई. वरून सारं गाव दिसे आन् गल्लीत कुत्रं बी नसे. लय बेस वाटे म्हणे."

"पण 'आलं का बे' म्हणून ओरडायचा ना तो!"

"ते तं ओरडाच लागे. नाई तं मामंजी म्हणतीन, काम झालं, उतर खाली." वहिनीला हसू यायला लागलं. "वारा नसला तं सोताच बांबू हालवत म्हणे मधात मधात."

मी दादाकडे पाहिलं. त्याचं पोट, खांदे, सगळं हलत होतं. दादा हसत होता, आवाज न करता. बगळ्याच्या अंगावरच्या मुंग्या! वाऱ्याला शिव्या देत मी ज्यांच्यासाठी गळा फाडायचो, त्या मुंग्या हा वरून सोडत होता!

"चोर लेकाचा!" मी म्हटलं. मला हसूही आलं आणि लागलंही. माझं सगळ्यात मोठं सुख आम्ही सगळे एकत्र बसण्यात होतं, आणि त्याचं आम्हाला टाळण्यात. दुखतंय ते कुठं, हे मला अजून नेमकं सांगता येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या दादाला वर न्यायचं. बगळ्यानं झालं नाही ते धाब्यानं होईल. धाबं कुठलं, आता स्लॅब आहे, पण जागा तीच. अश्वजित येतो म्हणाला. प्लॅस्टिकच्या खुर्चीचं जमणार नाही, लाकडी आणतो, दोर बांधून घेऊ, म्हणे. मॅडमना फोन करून विचारलं. दोघांनी नीट धरा, उन्हात फार ठेवू नका, असं म्हणाल्या. देऊळगाव राजाहून डिंपलचा फोन आला, दादाची मुलगी. "काका, पाडसान ना बाबाले!" म्हणून रडायलाच लागली. तिची समजूत काढण्यात तास गेला.

परवा मला निघावं लागेल. कंपनीनं रजा वाढवली नाही. म्हणजे उद्याचा एकच दिवस हातात धरायचा.

मी सगळं ठरवून ठेवलं आहे. आधी त्याला गाव दाखवायचं, जुन्या खुणा सांगायच्या. बांबू कुठं होता ती जागा दाखवायची. मग मी म्हणेन, "दादा, विचार ना, आलं का बे?" 'आलं' हा शब्द तोंड उघडलं की अर्धा आलाच. 'आ'पासून सुरुवात करू. वहिनीला सांगितलं तर ती ताक घुसळत राहिली. मग म्हणाली, "चहा वरतं लागन काय, ते सांगा फक्त."

२३ नोव्हेंबर, रविवार

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी पहाटेच उठून बसलो होतो. ऊन थोडं वर आल्यावर अश्वजित आला. दादाला लाकडी खुर्चीत बसवून कमरेला उपरणं बांधलं. जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकली, माझा हात भिंतीला खरचटला. दादा डाव्या हातानं कठड्याला धरून स्वतःला वर ओढत होता. त्याच्या अंगात एवढा जोर उरलाय हे मला माहीत नव्हतं. वर ठेवलं आणि अश्वजित लगेच खाली गेला, गिरणीवर लोक थांबले होते.

मी लगेच सुरू केलं. "हे पाह्य दादा, इथं होता बांबू. तो पाह्य डोंगर. तिकडं आपला कापूस, दुसरी वेचणी झाली. तिथं शाळा होती, आता नवी झाली." गल्लीत कोणी नव्हतं, रविवारची सकाळ असून. पोरं घरोघरी आपापल्या मोबाईलमध्ये. मी तेही सांगितलं. जुन्या विहिरीचं सांगितलं, आईचं सांगितलं, तो मफलर बांधून उभा असायचा त्याचं सांगितलं. दादा तुरीच्या वावराकडे पाहत होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो, त्याच्या आणि वावराच्या मध्ये. "दादा, आता म्हण. आलं का बे? आ... मोठा आ कर. आ... म्हण ना दादा, माया मागं म्हण. उद्या मी चाललो. आ..."

त्यानं डावा हात उचलला. मला वाटलं, काही दाखवतोय. त्यानं तो हात माझ्या डोक्यावर ठेवला, जड होता, आणि त्याचा जबडा हलायला लागला. घशात घरघर झाली. मी पुन्हा "आ" म्हणायला तोंड उघडलं.

"उगा," दादा म्हणाला.

घोगरं होतं, अर्धवट होतं, पण शब्द होता. आमच्याकडे रडणाऱ्या लेकराला म्हणतात आणि फार बडबड करणाऱ्याला म्हणतात. उगा राह्य. गप्प बस.

मला जिन्यावरून ओरडत खाली जावंसं वाटलं. वहिनीला सांगावं, अश्वजितला सांगावं, डिंपलला, मनालीला, मॅडमना फोन लावावेत. मोबाईल हातात आलाही होता. दादानं हात माझ्या डोक्यावरून काढला नव्हता. त्याची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे, वावराकडे गेली होती. मोबाईल खिशात ठेवला. सरकून त्याच्या खुर्चीच्या बाजूला बसलो, त्याला दिसेल असं.

आणि खरं लिहायचं तर मला आधी वाईटच वाटलं. महिनाभर जीव काढला, आणि मिळालं काय, तर गप्प बस. मग तेही हळूहळू ओसरलं. कारण वर खरोखर काही करायचं नव्हतं. कुणीतरी लांब बैलाला हाकलत होतं. धुणं झटकून वाळत घातल्याचा आवाज येत होता. तुरीवरून वारा यायचा तो आधी दिसायचा आणि मग अंगाला लागायचा. दादाचा श्वास एका लयीत चालला होता. इतके दिवस त्याच्या शेजारी बसत होतो, त्याचा श्वास ऐकला नव्हता. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, दिवसभर हाकांना ओ देणारं, इथं बांबू धरून उभं राहत असेल ते कशासाठी, हे मला पहिल्यांदा कळलं. आणि आम्ही खाली गळा फाडत होतो, तेही त्यानं ऐकून घेतलं.

किती वेळ गेला ते पाहिलं नाही. खालून वहिनीची हाक आली, "भाऊजी, चहा वरतंच आणू काय दोघाईले?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. दादाकडे पाहिलं. त्याचा जबडा पुन्हा हलत होता, कपाळावर घाम आला होता. वहिनी खाली थांबली होती. मी दात दाबून बसलो. काही मोजलं नाही. वारा तुरीवरून आला, आमच्यावरून गेला.

"हाव," दादा म्हणाला, खाली ऐकू जाईल एवढ्यानं.

खाली सगळं थांबलं. मग वहिनीचा आवाज आला, बारीक, चाचरत, "कोण बोललं?"

मी तेव्हाही गप्प राहिलो.